लाकूड कोरून गावात पोट भरतं का? (भाचा ऐकत नाहीये)

ओटीवरून
एरवी मी नुसती वाचत असते. आज घरात पेच पडलाय म्हणून धागा काढतेय.

माझा भाचा, वय 26, पुण्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहे. नोकरी फार भारी नाही, पण सात तारखेला पगार खात्यावर पडतो. यंदा गणपतीत सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या घरी आला, माळ्यावर चढला आणि माझ्या वडिलांची हत्यारांची पेटी खाली उतरवली. लाकूड तासायचा वाकस, किंकरं, भोकं पाडायचा सामता, गिरमिट, दहा-बारा पटाशा. गंज काढायला बसला तो विसर्जनापर्यंत उठलाच नाही. जाताना म्हणतो, मावशी, मी नोकरी सोडून इथे येणार आणि कोरीव काम करणार.

वडील गावचे सुतार. नांगर, दारं-खिडक्या, पाट, पाळणे हे रोजचं. पालखीचं काम आलं की ते कोरायला बसायचे. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या (खेळणी करणाऱ्यांची आळी) एका मित्रासाठी ठक्या, म्हणजे लाकडी बाहुल्या, कोरून द्यायचे, रंगवायचा तो. त्यांच्यानंतर घरात कोणी पटाशी धरली नाही.

ताईने जेवण सोडलंय. म्हणजे दुपारचं. रात्री जेवते. "तूच त्याला समजाव" असं मला सांगितलंय, आणि काय समजवायचं तेच मला कळत नाही. तेव्हा विचारते: हाताने लाकूड कोरून, गावात राहून, आज संसार चालतो का? केलंय किंवा जवळून पाहिलंय अशांनी लिहा. "मनाचं ऐक" छापाचे सल्ले नकोत, ते त्याला मोबाईलवर रोज मिळतात.

चहाबाज
पेटी माळ्यावर ठेवलीत तिथेच चुकलं. आमच्याकडे आजोबांची तबल्याची जोडी वेळीच भंगारात दिली, म्हणून आज सगळे नोकरीत आहेत. हलकं घ्या.

हिशेबनीस
ताई, त्याला एक कागद घेऊन बसवा. समजा, फूटभर उंचीचा गणपती कोरायला चार दिवस लागले. दुकानात तो 4,000ला विकला गेला. दुकानदार चाळीस टक्के ठेवणार, हातात 2,400. लाकूड, पॉलिश, पॉलिशपेपर, धार लावणं याचे 500 काढा. उरले 1,900. चार दिवसांचे. रोजचे 475. गवंड्याच्या हाताखालचा माणूस यापेक्षा जास्त घेतो, आणि संध्याकाळी रोख घेतो.

त्यात महिन्याचे पंचवीस दिवस कोणी कोरत नाही. लाकूड बघायला जायचं, माल पोचवायचा, थकलेल्या पैशासाठी फोन करायचे. प्रत्यक्ष कोरण्याचे पंधरा-सोळा दिवस मिळाले तरी पुष्कळ.

त्याला घाबरवायचं नाहीये. कुठला आकडा हलवता येतो ते त्याने शोधावं. दिवस कमी करायचे, का दुकानदाराचा हिस्सा, का किंमत वाढवायची?

रातांबा
हिशेबनीसानू, तुमचो हिशोब बरोबर आसा, पण तुम्ही गणपती धरलास थयच घोळ. आमच्याकडे लाकडी गणपती घेता कोण? मातीचो आणतत, दीड दिवसान पाण्यात.

माझो आजो म्हणायचो, पांगारो हलको म्हणान तेका कोण विचारी नाय, पण ठकी तेचीच जाता.

हिशेबनीस
म्हणजे काय ते आम्हा घाटावरच्यांना सांगा की.

रातांबा
सांगतो, शुद्धमराठीत. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं आणि मऊ की ना घराच्या कामाचं, ना जळणाला धड. पण कोरायला लोण्यासारखं. सावंतवाडीची जुनी खेळणी आणि ठक्या याच लाकडाच्या. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्याही पांगाऱ्याच्याच. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली. हत्यार कमी झिजतं, दिवस कमी जातो. म्हणजे तुमच्या कागदावरचा "दिवस" हा आकडा आमच्या आज्याने लाकूड निवडतानाच हलवला होता.

नकटी_ठकी
मी अकरा वर्षं लाकडी खेळणी विकते. कोरत नाही, विकते. त्यामुळे माझं बोलणं थोडं कडू लागेल.

स्टॉलवर येणाऱ्या बायका ठकी हातात घेतात, "अय्या, आमच्या आजीकडे होती अशी" म्हणतात, डोळ्यांत पाणी आणतात, फोटो काढतात आणि ठेवून देतात. कारण ती 900ची असते. शेजारच्या ताटातला 150चा भोवरा मात्र न विचारता पिशवीत जातो. पहिली दोन वर्षं मी आठवणी विकायला निघाले होते. मग कळलं की स्टॉलचं भाडं भोवरा भरतो. भोवरे, लगोऱ्या, छोटी भातुकली, लाकडी फळं. सावंतवाडीची ती फळं-भाजी तर लोक ओळखून मागतात. या मालावर तंबू उभा राहतो, ठकी त्यात मिरवते.

भोवरा कोरत नाहीत, तो कातकामाचा माल. चरकावर, आता मोटरवर, फिरवून काढतात. मुलाला फक्त कोरायचंच असेल तर त्याने कातणाऱ्याशी जोडी जमवावी. चितारआळीत हेच चालत आलंय की. कोरणारा, कातणारा, रंगवणारा वेगळा असायचा, नाहीतर एकाच घरातले तिघे.

आणखी एक, आधीच सांगते. 1 जानेवारी 2021पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराला त्यातून सूट आहे. तेव्हा पहिली ठकी कोरायच्या आधी कारागीर ओळखपत्राचा अर्ज. माझ्या ओळखीतल्या एकाने हे केलं नाही आणि मोठ्या दुकानाने त्याचा भरलेला टेम्पो दारातून परत पाठवला.

घाटमाथा
सगळे मिळून त्या पोराला बुडवताय. माझ्याकडे सीएनसी राउटर आहे. देव्हाऱ्याची महिरप, मोरवेल, कलश, संगणकावर नक्षी टाकली की चाळीस मिनिटांत पट्टी बाहेर. गिऱ्हाईक विचारत नाही हाताची का मशीनची. विचारतं फक्त कधी देणार आणि किती कमी करणार. तुमचा भाचा कारखान्यातला आहे ना? मग त्याला मशीन कळतं. पटाशी आजोबांच्या फोटोखाली ठेवू दे आणि मशीन घेऊ दे.

नकटी_ठकी
@घाटमाथा, गावात आणखी तिघांनी तेच मशीन घेतल्यावर तुमच्या महिरपीचा दर काय झाला?

घाटमाथा
निम्मा. खोटं कशाला बोलू.

चहाबाज
या धाग्यावर पहिल्यांदाच कोणीतरी मान्य केलं. याची नोंद व्हावी.

कडीपाट
जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. जरा लांबेल.

"पारंपरिक कोरीव कामावर गाव जगत होतं" हे आपण गृहीत धरलंय, पण कुठलं गाव? सुतार हा बलुतेदार. त्याला धान्य मिळायचं ते नांगर, कुळव, मोट, गाडीचं चाक यासाठी. खळ्यावरचं बलुतं चौकटीवर कमळ कोरलं म्हणून वाढत नव्हतं. कोरायचं काम निघायचं ते वाडा बांधणाऱ्याकडे, देवळात, संस्थानात. त्या कामावर सुतार दोन-तीन वर्षं जाऊन राहायचा आणि संपलं की परत नांगराकडे. तुम्ही वाड्यात जे सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलं, गणेशपट्टी बघता ते कोरणारा माणूस गावात बसून कोरत नव्हता. तो कामामागे फिरत होता.

कोकणात देवळांनी हे काम धरून ठेवलं. राजापूर तालुक्यात कशेळीच्या कनकादित्याचं लाकडी छत मान वर करून बघा. तितकं काम अंगावर घ्यायचं तर गावाने वर्षानुवर्षं शिधा द्यायला हवा. सावंतवाडीत संस्थान पाठीशी होतं. ते गेल्यावर गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, जवळजवळ संपत आला होता. 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयस्कर कारागिराला गाठून, स्वतः शिकून, राजवाड्यात काम सुरू केलं म्हणून तो टिकला. तिथेही आश्रय आधी आला, बाजार नंतर.

तेव्हा भाच्याचे आजोबा दारं-खिडक्या करून मधूनच पालखी कोरत होते, ते काही कमी दर्जाचं जगणं नव्हतं. खरी परंपरा तीच होती. पेटीतली हत्यारंच बघा ना. वाकस आणि सामता कशासाठी लागतात? घर बांधायला. ती सुताराची पेटी आहे आणि त्यातल्या चार पटाशा कोरणाऱ्याच्या.

आणि आज या दुसऱ्या कामाला माणूस मिळत नाही. जुन्या खांबाचा कुजलेला पाय कापून, तसाच रेषा जुळवून नवा तुकडा बसवणारा, त्यावरचं तुटलेलं केळफूल हाताने पुरं करणारा सुतार मला दोन जिल्ह्यांत तीन मिळाले. तिघे साठीच्या पुढचे. मशीन इथे चालत नाही, कारण दोनशे वर्षांत प्रत्येक खांब वेगळा वाकलेला असतो. ते म्हणतील ती रोजची मजुरी मी देतो, वर राहायची सोय.

ओटीवरून
@कडीपाट, तुमचं लिखाण ताईला वाचून दाखवलं. "म्हणजे तो परत घराबाहेरच की" एवढंच म्हणाली. पण चहा प्यायली.

@हिशेबनीस, कागद केला. त्याने तुमचे 475 खोडून 700 लिहिलेत आणि पुढे "ऑनलाइन" असं लिहिलंय. याचं काय करू?

हिशेबनीस
"ऑनलाइन" हा आकडा नाही म्हणावं. खोकं, भुसा, कुरियर, वाटेत तुटलेलं कान-नाक आणि परत आलेला माल हे सगळं खाली लिहायला सांगा, मग 700 टिकतात का बघू.

तंबोरा
थोडं अवांतर. मी मिरजेचा. आमच्याकडे तंबोरे-सतार करणाऱ्यांची सबंध गल्ली आहे. भोपळा पंढरपूरकडून येतो, दांडी आणि तबलीला (भोपळ्यावरच्या झाकणाला) तूनचं लाकूड. वर पानं-वेली कोरतात. पण गिऱ्हाईक त्या पानांचे पैसे देत नाही, जवारीचे, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या सुराचे, देतो. वाजलं नाही तर कितीही कोरा, कोणी घेत नाही. कोरीव काम कशाच्या तरी पाठीवर बसून जातं असं कडीपाट म्हणतात ते आमच्याकडे तरी खरं आहे. पोरं मात्र आमच्याकडेही कमीच बसतात. तारा लावताना बोट कापतं आणि मोबाईल धरता येत नाही.

चहाबाज
शेवटचं वाक्य पोस्टर करून लावायला हवं.

वनपाल_निवृत्त
एवढ्या चर्चेत लाकूड कुठून येणार हे कोणी विचारलं नाही. मला हेच विचारण्याचा पगार मिळत होता.

महाराष्ट्रात 1964चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, खैर, चिंच, जांभूळ, आंबा आणि फणसही येतो. झाड तुमच्या परसात असलं तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माल हलवायला वाहतूक परवाना बघावा लागतो. "आमचाच फणस आहे हो" म्हणत रडणारे अनेक लोक नाक्यावर पाहिलेत. मुलाने लाकूड विकत घेतलं तर वखारीची पावती जपून ठेवावी. तीच उद्या त्याची ढाल.

रातांबा म्हणतात तो पांगारा या यादीत नाही. पण तो आहे कुठे? पूर्वी कुंपणाला पांगाऱ्याचे खुंट लावायचे, मिरीचे वेल त्यावर चढवायचे. आता कुंपणं चिऱ्याची आणि तारेची. त्यात पांगाऱ्याला गाठी आणणारी बारीक गांधीलमाशीसारखी कीड आली. देशात तिच्या नोंदी 2006च्या सुमारास केरळातून सुरू झाल्या. पानं-देठ गाठींनी सुजतात, झाड हळूहळू वाळतं. आता खेळणी आंब्याच्या आणि शिवणीच्या लाकडात निघतात ती काही हौस म्हणून नव्हे. शिवण मात्र चांगली. लवकर वाढते, कमी तडकते. आजच दहा झाडं बांधावर लावायला सांगा. तो चाळिशीला येईल तेव्हा लाकूड दारात असेल.

रातांबा
आणि तोड अमावास्येच्या पंधरवड्यात. उजेडात तोडलेल्या पांगाऱ्याक भुंगो लागता. आजो चांदण्यात कुऱ्हाडीक हात लावी नसे.

घाटमाथा
झालं, आता चंद्रही आला.

वनपाल_निवृत्त
हसू नका लगेच. चंद्राचं मला माहीत नाही, पण भुंग्याचं माहीत आहे. त्याला लाकडातला स्टार्च हवा असतो. मऊ, पांढऱ्या लाकडात तो भरपूर. म्हणून जुने लोक ओंडके तळ्यात महिना-महिना बुडवून ठेवत. पाण्यात स्टार्च कमी होतो, मग सावलीत वाळवायचं. आता बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवतात. कोकणातल्या पावसाळी दमटपणात हे केलं नाही तर गिऱ्हाइकाच्या शोकेसमध्ये ठकीखाली पिठाची रांगोळी पडते.

रातांबा
आजो तळ्यातय बुडवी होतो. अमावास्येक तोडून, मगे तळ्यात.

चहाबाज
म्हणजे दोन्ही विमे उतरवलेले. हुशार माणूस.

नकटी_ठकी
पिठाची रांगोळी मी भोगली आहे. एका लॉटमधले चाळीस हत्ती परत घेतले. पैसे गेलेच, दुकानही गेलं. त्यानंतर मी कारागिराला पहिला प्रश्न विचारते, लाकूड कधी तोडलं? "गेल्या आठवड्यात" म्हणाला तर नमस्कार करून निघते. म्हणजे मुलाला कामाला लागायच्या आधी किमान एका मोसमाचं लाकूड घेऊन वाळत ठेवायला भांडवल हवं. हिशेबनीसांच्या कागदात हा रकाना नाही.

हिशेबनीस
मान्य. रकाना वाढवला. आता 475चे 430 झाले.

खडू_फळा
मी मोखाड्याकडे शिक्षक होतो. आमच्याकडे बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाला, देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, बावन्न म्हणतात. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत, आता पुष्कळ ठिकाणी कागदाच्या लगद्याचे. लाकडी मुखवटा घालून रात्रभर नाचणं म्हणजे मानेचं काम आहे, त्यामुळे लगद्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक रात्र नाचून बघावं.

एका पालकाची गोष्ट सांगतो. पावसात भात-नागली, दिवाळीनंतर मुखवटे. शहरातल्या घरांत भिंतीला लावायला त्याचे मुखवटे जायचे. एक व्यापारी आला, म्हणाला वर्षभर दे, महिन्याला तीस मुखवटे. याने एक वर्ष शेती बटाईने दिली आणि मुखवटेच केले. दुसऱ्या वर्षी व्यापाऱ्याची फॅशन बदलली. पुन्हा शेतीवर आला तर बटाईदार हलेना. तो मला म्हणाला होता, "गुरुजी, मुखवटा भाताच्या जिवावर होता, मी भात मुखवट्याच्या जिवावर टाकला."

मुलाच्या घरी जमीन आहे का? असली तर ती कोणाला देऊ नका, एवढंच.

ओटीवरून
गुरुजी, जमीन आहे. सोळा गुंठे भात आणि थोडी काजू. ताईचे यजमान बघतात, गुडघे धरून.

काल त्याच्याशी तासभर बोलले. हे सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं चिडेल, तर तो भुंग्याचंच विचारत बसला. बोरॅक्स किती, पाणी किती. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचंही त्याने काढलंय. मिळेल का ते? कोणाला माहिती आहे?

हिशेबनीस
योजना सप्टेंबर 2023पासून आहे. अठरा व्यवसाय, त्यात सुतार आहे, मूर्तिकार आहे, बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. प्राथमिक प्रशिक्षण काही दिवसांचं, त्या काळात रोज 500. हत्यारांसाठी 15,000पर्यंतचं व्हाउचर. कर्ज पहिल्यांदा एक लाख, ते नीट फेडलं तर पुढे दोन लाख, पाच टक्क्यांनी. पण नोंदणी करताना तो व्यवसाय स्वतः करत असला पाहिजे आणि घरातल्या एकालाच मिळतं. कारखान्यात पंचिंग करून पटाशीचा अर्ज चालणार नाही.

आणि माझं वैयक्तिक मत, कर्ज पहिल्या वर्षी घेऊच नये. पाच टक्के स्वस्त आहे हे खरं, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि ठकी दर महिन्याला विकली जात नाही.

घाटमाथा
सावंतवाडीच्या लाकडी कामाला आणि गंजिफाला भौगोलिक मानांकन (माल त्याच गावचा असल्याचा सरकारी शिक्का) मिळालंय ना? मग भाव वाढणारच की.

नकटी_ठकी
तो शिक्का आपोआप कोणाच्या ठकीवर उमटत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांना मानांकन मिळून वीसेक वर्षं झाली, तरी लाखेच्या नकली मालाने बाजार भरलाय. फरक पडला तो ज्यांनी माल बदलला त्यांना. झाडपाल्याचे रंग, लहान मुलाने तोंडात घातलं तरी चालेल अशी लाख, केवड्याच्या पात्याची चकाकी. आईबाप त्याचे पैसे मोजतात. मी स्वतः मोजून घेतले आहेत म्हणून सांगते.

मुलगा रंग कुठले वापरणार हे अजून कोणी विचारलं नाही. ऑइल पेंट मारणार असेल तर माझ्याकडे येऊ नये.

कडीपाट
मी त्याला चार महिने माझ्याकडे घ्यायला तयार आहे. एक वाडा चालू आहे, माजघराचे नऊ खांब. साठीचे जे तिघे म्हटले त्यातले एक तिथे आहेत. ते शिकवत नाहीत, नुसते ओरडतात, पण हात बघून शिकता येतं. मजुरी देईन. पहिला महिना त्याने धार लावायची आणि गप्प राहायचं. ज्याला पटाशीला धार लावता येत नाही त्याने कोरण्याबद्दल बोलू नये या जुन्या मताचा मी आहे.

चहाबाज
पहिला महिना गप्प राहायचं ही अट या धाग्यालाही लावा.

तंबोरा
@कडीपाट, तुमचं म्हणणं पटतं, पण थोडं खटकतंय. त्याला गावात राहायचं होतं. तुम्ही त्याला पुन्हा कामामागे फिरायला लावताय. मूळ प्रश्न "गावात राहून" असा आहे.

कडीपाट
बरोबर पकडलंत. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगतो, फिरून आलेल्या सुताराकडे गावात काम येतं. पालखी, देवळाचं दार, कोणाच्या तरी जुन्या ओटीचे खांब. आता तर गावागावात लोक पर्यटकांसाठी जुनी घरं नीट करतायत. तिथे कौलारू घर, लाकडी खांब सगळं हवं असतं, फक्त ते करणारा नसतो. नुसता शिकाऊ गावात बसला तर त्याच्याकडे स्टूल दुरुस्तीला येतील.

रातांबा
स्टूलच्या दुरुस्तीचे पण पैशे गावतत हो.

खडू_फळा
रातांबा, हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य असावं.

ओटीवरून
सगळ्यांना धन्यवाद, आणि ताजी खबर.

नोकरी अजून सोडलेली नाही. कारण गमतीचं आहे. वनपालकाकांचं वाचून तो गावभर पांगारा शोधत फिरला. पाच वाड्या पालथ्या घातल्यावर एका शेजाऱ्यांच्या परसात दोन सापडले. एक किडीने अर्धा वाळलेला. शेजारी म्हणाले घेऊन जा, पैसे नकोत. पण त्यावर शेंड्यापर्यंत मिरवेल चढलाय आणि घोस धरलेत. मिरी काढून होईपर्यंत कुऱ्हाड लावू देणार नाहीत. म्हणजे माघ-फाल्गुन. मग तोडायचं, तळ्यात ठेवायचं, वाळवायचं. तोवर सात तारखेचा पगार घ्यायचा असं त्याने स्वतःच ठरवलंय.

मधल्या काळात शनिवार-रविवार कडीपाटांच्या वाड्यावर जाणार. मी विचारलं, गप्प राहशील का? तर गप्पच राहिला.

ताई दुपारची जेवायला लागली.

चहाबाज
एका मिरवेलाने जे केलं ते आपल्या साठ प्रतिसादांना जमलं नाही.

हिशेबनीस
साठ नाहीत. मोजा.

रातांबा
ता सगळा ऱ्हवांदे. काळोखातच तोडूक सांगा. आणि मिरी कोणी घेतली नाय तर किलोभर आमका धाडा.